सात वरचे वेढे

१ जानेवारी १९८९, रविवार

काल छोट्या साहेबांनी कारखान्यात प्रत्येकाला एकेक डायरी दिली. निळं कव्हर, आत रिबिन. म्हणाले, "रोज काय नवीन शिकलात ते लिहीत जा." पोरं हसली. कुणी धोब्याच्या हिशेबाला ठेवली, कुणी मुलीला चित्रं काढायला नेली. मी म्हटलं, दिलीच आहे तर कोरी कशाला ठेवा.

आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात नळाला पाणी सहाला येतं म्हणतात, येतं साडेसहाला. तेवढा अर्धा तास माझा. शालन हंडे लावून बसते, मी ही वही लावून बसलो.

मी शंकर रोकडे. सातवी नापास. अंबरनाथला दिनानाथ साहेबांच्या कारखान्यात एकोणीसशे बासष्टपासून आहे. आम्ही स्टॅबिलायझर बनवतो. फ्रिजशेजारी भिंतीवर तो डबा असतो ना, तो. लाइट कमी दाबाने आली की डब्यातला ट्रान्सफॉर्मर तिला वर उचलतो. उचलायचं काम तांब्याच्या तारेचे वेढे करतात. वेढे जास्त तर उचल जास्त. एवढं एक वाक्य कळायला मला चार वर्षं लागली आणि त्याच्यावर माझी सत्तावीस वर्षं निघाली.

शिकवलं बाळाजी मिस्त्रींनी. पुस्तक नाही, फळा नाही. "जळालेला आला की फेकू नको, शंकर. उलगड. एकेक वेढा मोज. बनवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते तांबं सांगतं." मी शेकडो उलगडले असतील. मिस्त्री गेले त्याला बारा वर्षं झाली. नवीन वर्षाचं पहिलं नाव त्यांचंच लिहितो.

येत्या डिसेंबरात अठ्ठावन्न पुरी, मग रिटायर. म्हणजे डायरी आणि मी बरोबरच संपू.

पाणी आलं.

१२ जानेवारी, गुरुवार

दिनानाथ साहेबांचे चिरंजीव हेमचंद्र, तेच आमचे छोटे साहेब, बंगळूरला मोठ्या कंपनीत चार वर्षं राहून आलेत. आल्यापासून एकच ध्यास: "बाबा, आपण अठरा वर्षं एकच डबा विकतोय. लोक इलेक्ट्रॉनिक मागतात." खोटं नाही. मुंबईचे दोन नवे ब्रँड आमचं गिऱ्हाईक ओढताहेत.

म्हणून वरच्या मजल्यावर काचेची केबिन झाली. दारावर पाटी: 'डिझाइन सेल'. आत पंखा, टेबल, एक कॉम्प्युटर, आणि कुमुदिनी प्रधान म्हणून पुण्याची इंजिनियर मुलगी. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतली आहे, जूनअखेर ठेवायची की नाही ठरणार. दर बुधवारी केबिनमध्ये मीटिंग. खालच्या माणसांनी वर जायचं नाही, डोकं लावणाऱ्यांचं लक्ष मोडतं.

आमच्या वाइंडिंगच्या राजाबाईने वर बघत विचारलं, "काका, ते मासे ठेवलेत का काचेत?"

पण मुलगी बरी वाटली. जिना उतरताना सगळ्यांना नमस्कार करत गेली. माझ्यापाशी थांबून म्हणाली, "तुम्ही रोकडेकाका ना? मला कधीतरी वाइंडिंग दाखवा." मी म्हटलं, "या की मॅडम." पण बोलावल्याशिवाय वरचा खाली येत नाही नि खालचा वर जात नाही, हे तिला अजून ठाऊक नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार

नव्या मॉडेलचं ठरलं. छोटे साहेब काल खाली येऊन उभ्याउभ्या सांगून गेले. डोकं नवं, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक कार्ड, ते कुमुदिनीबाईंनी काढलंय. ट्रान्सफॉर्मर मात्र जुनाच. "तो अठरा वर्षं कधी फेल गेला नाही. त्याचं ड्रॉइंग जसंच्या तसं घ्या," असं म्हणाले. ऐकून छाती भरून आली, खरं सांगतो.

वाईट एवढंच वाटलं की नव्या मॉडेलचं वाइंडिंग आमच्याकडे नाही. उल्हासनगर कॅम्प चारला वासूमल म्हणून एक सिंधी सेठ आहे, त्याच्याकडे ड्रॉइंगची प्रिंट पाठवायची, तो माल करून देणार. आमच्या बायकांनी जुनं मॉडेल चालू ठेवायचं.

राजाबाईकडे एक नवीन मुलगी शिकायला बसली आहे. दुपारी ऐकलं, राजाबाई तिला सांगत होती, "कागदावर अठ्ठेचाळीस येढे हायेत ते गिन. मंग वरचे सात. ते कागदावर नाय, ते देवाचे."

मी म्हटलं, "देवाचे नाहीत गं. बदलापूरच्या लाइटीचे."

बायका हसल्या. हे आमचं जुनं चाललेलं आहे. त्र्याहत्तर साली नवा डबा घरी आणून लावला होता. संध्याकाळी लाइट इतकी पडायची की डबा असूनही पंखा म्हातारा व्हायचा. मी सात वेढे वाढवले, पंखा पळायला लागला. तेव्हापासून प्रत्येक डब्यात सात वरचे. सोळा वर्षं झाली.

२१ मार्च, मंगळवार

काल नव्या मॉडेलचे पहिले दोनशे डबे ट्रकमध्ये चढले. पेढे वाटले. छोट्या साहेबांनी कुमुदिनीबाईंना खाली आणून सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "ट्रान्सफॉर्मर काकांचा आहे." मला वर बघवेना. चांगल्या घरची पोर.

१५ एप्रिल, शनिवार

काल जयंती. सकाळी विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक. शालनने पांढरी साडी नेसली, मी तिला म्हटलं, लग्नातली दिसतेस. ती म्हणाली, लग्नात हिरवी होती. सत्तावीस वर्षं तांब्याचे वेढे लक्षात ठेवतो आणि हे राहात नाही.

रोषणाईने सगळा पाडा उजळला तशी लाइट पडली. जवळच्या कात्रपचे डॉक्टर मिरवणूक बघायला आले होते. त्यांच्या दवाखान्यात मीच सांगून आमचा नवा डबा लावला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "शंकरराव, तुमचा डबा संध्याकाळी फ्रिजच बंद करतो. लहान मुलांच्या लशी आहेत आत. गेल्या आठवड्यातल्या सगळ्या टाकून द्याव्या लागल्या."

मला वाटलं ढोल थांबला. मी म्हटलं, "उद्या येऊन जुना लावून जातो, डॉक्टर." ते म्हणाले, "राग नाही हो. पण मी तुमच्या शब्दावर घेतला होता."

आज आधी तिकडे.

२७ एप्रिल, गुरुवार

एकतीस डबे परत आलेत. सगळ्यांचं दुखणं एकच: लाइट फार पडली की डबा फ्रिज बंद करतो. नव्या कार्डाचा नियमच तो आहे. लाइट पुरेशी वर उचलली गेली नाही, तर फ्रिज जळू नये म्हणून तोडून टाकायची. जुना डबा असल्या भानगडीत पडत नसे, जमेल तेवढं उचलायचा.

काल बुधवारची मीटिंग. केबिन काचेची, आवाज कळत नव्हता, तोंडं दिसत होती. सेल्सचा माणूस टेबल बडवत होता. छोटे साहेब उभे. कुमुदिनीबाई वहीत बघत बसलेल्या.

खाली आल्यावर सेल्सवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जुना ट्रान्सफॉर्मर अठरा वर्षं चालला, मग चुकलं कोण? कार्ड! पुस्तकातलं शिकून आलेत."

मीही मान डोलावली. लिहितो ते खरं लिहावं. मला आत कुठेतरी बरं वाटलं की आमचं जुनं ते खणखणीत निघालं. घरी येईपर्यंत ते बरं वाटणं आंबलं. त्या मुलीचं वय माझ्या धाकटीएवढं आहे.

सेल्सवाल्याचं दुसरं म्हणणं, वासूमल तार खातो, वेढे कमी देतो. कॅम्पचा माल, डुप्लिकेट असणारच. हे मात्र सगळ्यांना पटलं. मलाही.

४ मे, गुरुवार

काल कुमुदिनीबाई जेवणाच्या सुट्टीत खाली आल्या, माझ्यासमोर खोक्यावर बसल्या. डब्यातली कोशिंबीर माझ्या पोळीवर वाढली. मग विचारलं, "काका, ड्रॉइंगमध्ये बूस्टचे, म्हणजे उचलायचे वेढे अठ्ठेचाळीसच ना?"

मी म्हटलं, "हो. अठ्ठेचाळीस."

"नक्की?"

"मॅडम, सत्तावीस वर्षं झाली."

थोड्या वेळाने परत तेच. "म्हणजे आपण अठ्ठेचाळीसच देतो." मी म्हटलं, "ड्रॉइंगमध्ये अठ्ठेचाळीसच आहेत." ती माझ्याकडे बघत राहिली. बिचारीला काळजीने काही आठवत नसेल. तीस जूनला तिची मुदत संपते, आणि सेल्सवाले आत्ताच म्हणू लागलेत, पुण्याचं तिकीट काढा.

११ मे, गुरुवार

भंगाराच्या रॅकवर ब्याऐंशी सालचा एक जळका डबा पडला होता, तो नाहीसा झाला. मी बाळाजी मिस्त्रींच्या पद्धतीने नव्या मुलीकडून उलगडून घेणार होतो. भंगारवाल्याने नेला असणार, त्याला विचारलं तर शपथा घालतो.

काल कुमुदिनीबाईंची नखं तपकिरी दिसली. मी म्हटलं, "मेंदी काढली की काय?" हसली. म्हणाली, "काका, एक काम कराल? शनिवारी तुम्ही स्वतः कॅम्प चारला जा. वासूमल सेठकडचा एक पीस तिथेच त्यांच्यासमोर उलगडा. तुम्हीच मोजा."

मी म्हटलं, "तुम्ही चला ना."

"नको. मी मोजलं तर ते माझं मोजणं होईल. तुम्ही मोजलेलं सगळे मानतात."

एवढा विश्वास. धन्य वाटलं. चोर पकडून आणतो म्हटलं.

१४ मे, रविवार

आज हात चालत नाही, तरी लिहितो.

काल कॅम्प चारला गेलो. वासूमलचं वर्कशॉप म्हणजे बराकीच्या दोन खोल्या, पुढे दुकान, मागे बायकामुलांचं घर. मी कपाळाला आठी घालूनच आत शिरलो. सेठने आधी पापड नि पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांच्यात आलेल्याला पहिलं तेच देतात. मी पापड तसाच ठेवला. म्हटलं, एक पीस द्या, उलगडायचाय.

"खोलो साईं, खोलो. जितने चाहो खोलो."

बसलो. वरचं कापड काढलं, कागद काढला, तार सोडवत गेलो. तो समोर स्टुलावर बसून माझ्याबरोबर ओठांत मोजत होता. तारेची जाडी बरोबर. कागद चांगला. व्हार्निश दोनदा बुडवलेलं, माझी नखं तपकिरी झाली. पंचेचाळीस, शेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. तार संपली.

मी म्हटलं, "दुसरा द्या."

दुसऱ्यातही अठ्ठेचाळीस. सेठने ड्रॉइंगची प्रिंट माझ्यापुढे पसरली, आकड्यावर बोट ठेवलं. "रोकडे साब, कागज पे अडतालीस, मैंने अडतालीस दिया. एक कम नहीं, एक ज्यादा नहीं. लोग बोलते हैं कॅम्प का माल. इसलिए मैं तो खुद गिनता हूँ."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि असा उजेड वैऱ्यालाही पडू नये.

कागदावर अठ्ठेचाळीस. आमच्या हातात पंचावन्न. जुना डबा अठरा वर्षं चालला तो कागदावरचा चाललाच नव्हता. सात वरचे होते म्हणून चालला. त्या मुलीचं कार्ड बरोबर आहे. सेठ सच्चा आहे. कागद खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे माहीत असलेला अख्ख्या कारखान्यात मी एकटा. राजाबाईसुद्धा देवाचे म्हणून देते.

पापड उचलून खाल्ला.  सेठने आणखी पाणी दिलं. मी म्हटलं, "माफ करना सेठ." तो म्हणाला, "किस बात का?" मी प्रिंटची घडी करून त्याच्या हातात दिली.

घरी शालनला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "मग तेव्हाच का नाही लिहिलंत कागदावर?"

लिहायला गेलो होतो गं. त्र्याहत्तर साली वर ड्रॉइंगच्या खोलीत गेलो होतो, मूळ कागद, म्हणजे ट्रेसिंग, तिथेच असायचं. तेव्हाचा ड्राफ्ट्समन म्हणाला, "तू वाइंडर. ट्रेसिंगला हात लावायचा नाही." ज्या सुरात म्हणाला तो सूर त्या दिवसांत आम्हाला समजायचा. हात धुवून गेलो होतो, तसाच खाली आलो.

पण खरं लिहायचं तर सगळं तिथे संपत नाही. तो माणूस दोन वर्षांत सोडून गेला. नंतर मला कुणी अडवलं नव्हतं. मीच गेलो नाही. कागद त्यांचा, सात माझे, असं मनात धरून बसलो. हात लावू देत नाही ना? मग तुमचा डबा माझ्या हातावर चालतो, हे मला एकट्यालाच ठाऊक. सोळा वर्षं ती गंमत मी चघळली. तिची किंमत आता कुमुदिनी देणार, आणि कात्रपच्या त्या लशी.

उद्या सांगितलं तर? सात महिने उरलेत. सत्तावीस वर्षांच्या नावावर शाई सांडेल. सेठला दोष देऊन गप्प बसलो, तर कुणाला कळणार नाही. कॅम्पचं नाव काढलं की लोक लगेच मानतात.

शालन म्हणाली, "अहो, तुम्ही झोपणार आहात का त्या सेठला चोर म्हणून?"

१६ मे, मंगळवार

काल सांगितलं.

बोलावणं नव्हतं तरी जिना चढलो. केबिनमध्ये दिनानाथ साहेब, छोटे साहेब, कुमुदिनीबाई. दारातूनच म्हटलं, "कार्ड बरोबर आहे. सेठचा मालही बरोबर आहे. मी सात वेढे जास्त देत होतो. त्र्याहत्तरपासून."

 कुमुदिनीने डोळे मिटून श्वास सोडला.

छोटे साहेब लाल झाले. "सोळा वर्षं? सोळा वर्षं आमचा कागद खोटा, आणि तुम्ही गप्प? शंकरराव, मी त्या कागदावर नवं मॉडेल उभं केलं! हिला मी काय काय बोललो!"

मी म्हटलं, "हो साहेब."

"हो साहेब काय?"

"दुसरं काय म्हणू?"

मोठ्या साहेबांनी जुनं ट्रेसिंग मागवलं. ते आमच्या समोर उघडलं. खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकोन असतो, कोणी काय बदल केला, कधी केला, सही. अठरा वर्षांत त्यात एक अक्षर नाही. साहेब त्या कोऱ्या चौकोनाकडेच बघत होते. मग विचारलं, "शंकर, तू तेव्हा आला होतास ना वर? मला अंधूक आठवतंय. कोण काय म्हणालं होतं?"

"जाऊ द्या साहेब. तो माणूस आता इथे नाही. नंतरची चौदा वर्षं तर माझीच आहेत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. चिरंजीवांना म्हणाले, "हेम, चौकोन याने कोरा ठेवला नाही. खोली आपली होती."

छोटे साहेब खिडकीशी गेले.  मग वळले, आवाज उतरलेला होता, पण राग होता. "आणखी काय आहे असं हातात? कागदावर नसलेलं?"

मी म्हटलं, "मोजलं नाही कधी."

"मग मोजा. आजपासून."

मेमो मात्र मिळाला. फाइलला लागला, मी सही केली. सत्तावीस वर्षांतला पहिला. मिळायलाच हवा होता. जिना उतरताना वाटलं, पायांत कुणी नवे गुडघे बसवलेत.

२१ मे, रविवार

काल बुद्धपौर्णिमा. विहारात खीर होती. पंचशील म्हणताना चौथ्यापाशी, खोटं न बोलण्याच्या, दरवेळी मी झपकन पुढे जायचो. आपण कुठे खोटं बोलतो, असं वाटायचं. काल तिथे थांबलो. न बोलताही खोटं बोलता येतं, हे या वर्षी शिकलो. छोट्या साहेबांनी डायरी यासाठीच दिली होती म्हणायची.

वासूमल सेठकडे खिरीचा डबा पोचवला. त्याला सगळं सांगितलं. तो हसत सुटला. "सात टर्न जास्ती? तो बोलो ना साईं, तांबा मैं लगाऊंगा, रेट थोड़ा बढ़ेगा." मग पापड आणला. या वेळी दोन खाल्ले.

८ जून, गुरुवार

कालपासून बुधवारची मीटिंग केबिनमध्ये नाही. टेबल चौघांनी उचलून खाली आणलं, वाइंडिंगच्या मधोमध ठेवलं. परत आलेले डबे त्यावर उघडायचे. भोवती कुमुदिनी, सेल्सवाला, दुरुस्तीवाले, वासूमल सेठ, आणि वाइंडिंगच्या बायका. छोट्या साहेबांचा नियम: कागदावर नसलेलं जे कोण हाताने करतं, त्याने बोलायचं. शिक्षा नाही. कुमुदिनी लिहून घेणार, करून बघणार, खरं निघालं तर ड्रॉइंगच्या चौकोनात त्याच्या नावासकट चढणार.

पहिली दहा मिनिटं सगळे नुसते डब्यांचे स्क्रू काढत बसले. मग राजाबाई पदर खोचून म्हणाली, "मना इचारता तर लय हाय. पावसाल्यात मी कागूद आधी बल्बवर सुकवतंय. नायतर आत पानी र्‍हातं नि सहा मयन्यात जलतं."

कुमुदिनी म्हणाली, "राजाबाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"पापडानी."

सगळे हसले, सेठ सगळ्यांत जास्त. पण लिहिलं गेलं. एकातून दुसरं निघत तेवीस गोष्टी निघाल्या. तेवीस! छोटे साहेब म्हणाले, "आणि मी ज्ञान आणायला बंगळूरला गेलो होतो."

माझंही एक निघालं: दोन थरांमध्ये मी कागदाचा एक पदर जास्त घालतो, मजबुती म्हणून. कुमुदिनीने थर्मामीटर लावून दोन पीस चालवून ठेवले होते. जास्तीच्या कागदाने उष्णता आत कोंडते, डबा लवकर म्हातारा होतो. वीस वर्षं मी अभिमानाने चूक घालत होतो. सगळ्यांसमोर सांगताना ती अडखळली. मी म्हटलं, "पोरी, बिनधास्त बोल. मला आता सवय झाली आहे."

"मॅडम"चं "पोरी" कधी झालं कळलं नाही.

छोटे साहेब अजून माझ्याशी कामापुरतं बोलतात. बोलतात हेही खूप.

१ जुलै, शनिवार

काल तीस जून. कुमुदिनी कायम झाली. पत्र घेऊन आधी खाली आली, माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरकलो. आमच्यात पाया पडवून घेत नाहीत म्हटलं, हात जोड. तिने हात जोडले, "जय भीम, काका" म्हणाली. राजाबाईच्या डोळ्यांत पाणी, म्हणते व्हार्निश गेलं.

मग नवं ट्रेसिंग आणलं. बूस्ट: पंचावन्न. कोपऱ्यातल्या चौकोनात पहिली ओळ: 'अठ्ठेचाळीसऐवजी पंचावन्न. शं. रोकडे, १९७३.' पेन माझ्या हातात दिलं. सही करताना ट्रेसिंग हाताने दाबून धरावं लागतं, नाहीतर सरकतं. मी सगळा तळहात टेकवला.

कात्रपच्या डॉक्टरांकडे पहिला सुधारलेला डबा मी स्वतः लावून आलो. संध्याकाळी तासभर बसून राहिलो. लाइट पडली, डबा खुटकन बोलला, फ्रिज चालू. डॉक्टरांनी चहा दिला.

३१ डिसेंबर, रविवार

काल शेवटचा दिवस झाला.

सकाळी सगळ्यांनी आग्रह केला, एक पीस बांधा. मशीनवर बसलो. समोर ड्रॉइंगची प्रिंट टाचलेली. चोपन्न, पंचावन्न. आणि हात थांबला. सोळा वर्षांत पहिल्यांदा कागदावर होते तेवढेच दिले. राजाबाई म्हणाली, "देवाचे?" मी म्हटलं, "देवाला पोचले गं."

मोठ्या साहेबांनी शाल दिली. छोटे साहेब भाषणात फार बोलले नाहीत. नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "शंकरराव, बुधवारी टेबलापाशी तुमची खुर्ची राहील. याल ना?" मी म्हटलं, "नळाला पाणी लवकर आलं तर येईन." ते हसले. मेमोनंतर पहिल्यांदा माझ्याशी हसले. तो मेमो फाइलमध्ये आहे नि राहू दे. शालही आहे. दोन्ही माझीच कमाई.

आज सकाळी भेटी उघडून बघत बसलो. कुमुदिनीने लाकडी बॉबिन दिली आहे. तिच्यावर जुनी जळकी तांब्याची तार, वेढ्याला वेढा चिकटून, इतकी सुबक गुंडाळलेली की बाळाजी मिस्त्रींनी पाठ थोपटली असती. आत बारीक अक्षरात चिठ्ठी: 'जुनं मॉडेल, १९८२. उलगडून मोजले: पंचावन्न. कु. प्र., १० मे १९८९.'

म्हणजे रॅकवरचा डबा भंगारवाल्याने नव्हता नेला. उगीच त्याला बोललो. पोरगी मिस्त्रींची पद्धत शिकली, यापेक्षा मोठी भेट काय असते. फक्त घाईत तारीख चुकली तिची. मी सांगितलं पंधरा मेला, माझ्या इथे लिहिलेलं आहे. दहा मेला तिला पंचावन्न कुठून कळणार? पण एवढ्या तेवढ्याने बिघडत नाही. बुधवारी भेटेल तेव्हा सुधारून घेईन.

शालनला चिठ्ठी वाचून दाखवली. ती हंड्याला फडकं गुंडाळता गुंडाळता थांबली. म्हणाली, "नका सुधारू."

"का गं?"

तिने बॉबिन माझ्या हातातून घेतली, फिरवून बघितली, आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली फळीवर नीट ठेवली.

"काही नाही," म्हणाली. "उठा. पाणी आलं."